म्हशीला तालुका नसतो

शाहूपुरीत मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाशेजारनं एक लोखंडी जिना वर जायचा. जिना संपला की काचेचं दार, आणि दारावर सोनेरी अक्षरांत 'त्रिनेत्र क्रिएटिव्ह्ज'. खाली दिवसभर तांब्याची तार गुंडाळणारी माणसं त्याला 'वरचं दुकान' म्हणायची. हे मालक विजयसिंहांच्या कानावर गेलं की त्यांचं डोकं फिरायचं. दुकान कुठलं, कंपनी म्हणा, क्रिएटिव्ह कंपनी हाय ही, असं ते जिन्यावर थांबून समजावून सांगायचे. खालची माणसं मान हलवायची आणि पुढच्या घटकेला चहावाल्याला 'वरच्या दुकानात चार दे रं' म्हणून हाक घालायची.

या वरच्या दुकानात, चुकलो, कंपनीत, रक्षिता नोकरीला लागली ते दोन हजार तीन साल होतं. पोरगी गडहिंग्लजची. वडील नागाप्पा, बाजारपेठेत कापडाचं दुकान, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि तोंडात कायम मापाची भाषा. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. आईला अव्वा म्हणायचं आणि वडिलांना अप्पा. पोरीनं कोल्हापुरात राहून चित्रकलेची पदविका घेतली तोवर नागाप्पांनी चकार शब्द काढला नाही, कारण चित्रकला म्हणजे रांगोळीचंच जरा वाढीव काहीतरी असणार अशी त्यांची समजूत होती. पण पदविका संपली तरी पोरगी परत येईना, एका कंपनीत आर्ट डायरेक्शन शिकतेय म्हणाली, तेव्हा त्यांनी दिवाळीच्या फराळाला विषय काढला.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. कापड विकलं तर कापड दिसतं, गिऱ्हाईक अंगात घालून समोरनं जातं. तू काय करतीस ते कुठंच दिसत नाही. चारचौघांनी विचारलं तर मी काय सांगू? तेव्हा युगादीपर्यंत, म्हणजे गुढीपाडव्यापर्यंत, रस्त्यावर एक तरी काम दाखव, ज्याच्याकडं बोट करून मला सांगता येईल की हे माझ्या पोरीनं केलंय. नाहीतर निपाणीचं स्थळ आलेलं आहे, त्यांना होकार कळवून टाकतो. एवढं बोलून त्यांनी चकली मोडली आणि विषय संपवला.

निपाणीच्या मुलावर रक्षिताचा काही राग नव्हता, त्या बिचाऱ्याला तिनं बघितलंसुद्धा नव्हतं. तिला चित्र काढायचं होतं, दुसरं काही नको होतं. पण हे बापाला सांगायचं कसं, हे कुठल्याच पदविकेत शिकवत नाहीत.

आणि खरी गोची अशी की कंपनीतसुद्धा तिला चित्र काढायला कोणी सांगत नव्हतं. तिला वाटलेलं, विजयसिंह काढतील, आपण मागं उभं राहून बघू, शिकू. पण विजयसिंहांनी पेन्सिल सोडून जमाना झाला होता. मुंबईच्या कुठल्याशा जाहिरात कंपनीत काही महिने काढून ते कोल्हापूरला परत आले तेव्हा मानेवर रबरानं बांधलेले केस आणि 'फील' हा शब्द, एवढा ऐवज घेऊन आले होते. त्या दोन्हींवर कंपनी चालली होती. ते आकारामच्या खुर्चीमागं उभे राहायचे. आकाराम म्हणजे कागलकडचा कॉम्प्युटर ऑपरेटर, बेरकी गडी, तोंडात बडीशेप आणि हातात माऊस. विजयसिंह मान तिरकी करायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, जरा खाली घे. मग, थोडं वर. आकाराम माऊस फिरवायचा, पण पडद्यावरचं अक्षर जागचं हलायचं नाही. तो नुसता बाण इकडून तिकडं नेऊन 'आता, सर?' असं विचारायचा. विजयसिंह मोठा श्वास सोडून म्हणायचे, हां, आता बसलं.

रक्षितानं हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला हसू आवरेना. जिन्यात गाठून तिनं आकारामला विचारलं, तर तो गंभीर होऊन म्हणाला की सरांना हलवून नको असतंय, सांगायला पाहिजे असतंय. तेवढं झालं की सर खूश. हा तिचा आर्ट डायरेक्शनमधला पहिला धडा.

दुसरा धडा कारणांचा. काम आधी करायचं आणि कारण नंतर शोधायचं. छापखान्यात लाल शाई शिल्लक होती म्हणून एका बी-बियाणांच्या दुकानाचं पत्रक लाल झालं, तर विजयसिंहांनी त्या दुकानदाराला लाल रंग, तांबडी माती आणि शेतकऱ्याच्या रक्ताचं नातं असं काही उलगडून सांगितलं की त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. रक्षिता शेजारी फाईल धरून उभी होती. तिचे डोळे कोरडे राहिले खरे, पण हे आपल्याला कधी जमणार म्हणून तिला मनात धास्ती वाटली.

तिसरा धडा मात्र खुद्द कंपनीचं गुपित होतं आणि तो विजयसिंहांनी तिला केबिनमध्ये बोलावून, दार लावून दिला. नेहमीचं मुंबईचं बोलणं त्यांनी त्या दिवशी बाजूला ठेवलं होतं.

"बाळ देखणं असलं की आपल्यात काय करतात? गालाला काळी तीट लावतात. का, तर बघणाऱ्याची नजर तिटेवर पडावी, बाळाला लागू नये. क्लायंटची नजर लई वाईट, रक्षिता. काहीतरी काढून टाकल्याबिगर त्याला आपण मालक हाय असं वाटतच न्हाई. मग काढायला काय द्यायचं, हे आपण ठरवायचं. ह्येला म्हणतात आर्ट डायरेक्शन."

म्हणजे असं, की चांगलं डिझाइन झालं की त्यात मुद्दाम एक भयंकर गोष्ट घुसडायची. क्लायंट आला की त्याचं बोट बरोबर तिथंच पडतं. तो म्हणतो, हे तेवढं काढा. आपण दचकल्यासारखं करायचं, थोडं वाईट वाटल्यासारखं करायचं आणि मग म्हणायचं, साहेब, काय नजर आहे तुमची. तो खूश होऊन सही करतो आणि बाकीचं बाळ सुखरूप राहतं. एका सराफाच्या जाहिरातीत ठुशीवर हिरवागार पोपट बसवला होता. सराफानं पोपट उडवला आणि ठुशीचा सुंदर फोटो तसाच्या तसा छापून आला. एकदा विजयसिंह तीट लावायला विसरले, तर एका फर्निचरवाल्यानं खुर्चीच्या जाहिरातीतनं खुर्चीच काढली आणि तिथं स्वतःचा हार घातलेला फोटो टाकला. तेव्हापासून कंपनीत बिनतिटेचं काही बाहेर पडत नव्हतं. आकारामच्या कॉम्प्युटरवर 'तीट' नावाचा फोल्डरच होता. त्यात पोपट होता, इंद्रधनुष्य होतं, चांदण्या उडवणारी परी होती, आणि दोन पायांवर उभी राहून हसणारी, काळा गॉगल लावलेली एक म्हैस होती. ही म्हैस आकारामनं स्वतःच्या हातानं बनवलेली. तिच्यावर त्याचा फार जीव होता.

हे सगळं ऐकून रक्षिता खोलीवर गेली आणि तिला बरं वाटलं. लबाडी तर लबाडी, पण त्या लबाडीमागं बाळ वाचवायची तळमळ आहे की, असं तिला वाटलं. विजयसिंहांबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. नव्या माणसाला असा आदर वाटतोच, त्यात तिचा दोष नाही.

पुढं संक्रांतीच्या सुमाराला शुभ्रधारा दूध संघाचं काम आलं. संघानं साजूक तूप बाजारात आणायचं ठरवलं होतं आणि जिल्हाभर तालुक्याच्या एसटी स्टँडांसमोर मोठे फलक लावायचे होते. विजयसिंहांच्या डोक्यात त्या वेळी एका मंगल कार्यालयाचं काम घोळत होतं, त्यामुळं त्यांनी हे रक्षिताच्या गळ्यात टाकलं. फलक युगादीच्या आधी लागणार होते, आणि त्यातला एक गडहिंग्लजच्या स्टँडसमोर. रक्षितानं स्टँडचं नाव दोनदा विचारून घेतलं. अप्पांना बोट दाखवायला जागा मिळाली होती.

रविवारी ती गावी गेली. काय काढायचं हे तिला एसटीतच सुचलं होतं. तिची आई रत्नव्वा जेवायला वाढताना तुपाची वाटी तिरकी करायची ती अशी, की धार बरोबर भाताच्या मधोमध पडायची, एक थेंब इकडं नाही की तिकडं नाही. तेवढा हात, वाटी, धार आणि वाफाळता भात काढायचा. बाकी सगळा फलक मोकळा. रत्नव्वांना हे सांगितलं तर त्या आधी हसल्या, मग उठल्या आणि कुठं जातीस अव्वा म्हणेपर्यंत चप्पल घालून कासाराच्या दुकानात जाऊन आल्या. नव्या हिरव्या बांगड्या भरून आल्या होत्या. स्टँडवर सगळा गाव बघणार, मग जुन्या बांगड्यांनी कसं जायचं, असं त्यांचं म्हणणं. मनगटाजवळ लोणी कढवताना भाजल्याचा जुना डाग होता, तो त्या पदरानं झाकायला लागल्या. रक्षितानं पदर बाजूला केला. दुपारभर रत्नव्वा वाटी तिरकी धरून बसल्या. मधनं मधनं विचारायच्या, झालं का गं, हाताला मुंग्या आल्यात. नागाप्पा दुकानातनं येऊन जेवून परत गेले, तरी त्यांना पत्ता लागला नाही की घरात काय चाललंय.

चित्र फार चांगलं झालं. हे मी सांगत नाही, आकारामनं सांगितलं, आणि आकाराम स्वतःच्या म्हशीशिवाय कशालाच चांगलं म्हणत नव्हता. स्कॅन केलेल्या हाताकडं तो जरा वेळ बघत बसला आणि म्हणाला, भाजल्याचा डाग पुसू का? रक्षिता म्हणाली, हात लावशील तर बघ. विजयसिंहांनी मान तिरकी केली, डोळा बारीक केला, पण खाली घे, वर घे असं काही त्यांना सांगता येईना. शेवटी ते म्हणाले, छान. आता तीट लाव, तुझी तूच निवड.

रक्षितानं विचार केला. हाताच्या बाबतीत धोका पत्करायचा नव्हता. पोपट कोणाला आवडला तर? इंद्रधनुष्य ठेवा म्हणाले तर? जे शहाणा माणूस कधीच ठेवणार नाही असं काहीतरी पाहिजे होतं. तिनं गॉगलवाली म्हैस उचलली आणि कोपऱ्यात ठेवली. आकारामला वाईट वाटलं, कारण म्हैस काढली जाणार हे त्यालाही माहीत होतं.

संघाच्या सभागृहात माजी चेअरमन मंडळी भिंतीवर हार घालून बसली होती आणि आजी मंडळी त्यांच्याखाली खुर्च्यांवर. मधोमध चेअरमन हंबीरराव, पांढरी टोपी, पांढरे कपडे, हातात मोबाइल, तो बंद असला तरी कानाजवळ. बाजूला तालुक्यातालुक्याचे संचालक. विजयसिंहांनी आधी वाफ, माती, माय आणि मोकळ्या जागेतला श्वास यांवर बोलून घेतलं, मग चित्रावरचं कापड ओढलं. हंबीरराव उठले, चष्मा चढवला आणि बोट पुढं करून चित्राजवळ आले. बोट म्हशीवरनं गेलं. थांबलं नाही. ते हातावर येऊन टेकलं.

"हात कुणाचा ह्यो?"

विजयसिंहांनी तोंड उघडलं होतं. अन्नपूर्णेचा, असं काहीतरी ते बोलणार होते आणि तेवढ्यावर निभावलं असतं. पण रक्षिताला इतका आनंद झाला की चेअरमनसाहेबांनी बरोबर हाताबद्दलच विचारलं, की तिच्या तोंडून खरं निघून गेलं.

"माझ्या अव्वाचा, सर. गडहिंग्लजला असते."

झालं. आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही संस्थेत गावाचं नाव घेतलं की काय होतं, हे ज्याला माहीत नाही त्यानं आर्ट डायरेक्शनच्या नादी लागू नये. राधानगरीचे संचालक खुर्चीत पुढं सरकले. ते शांतपणे म्हणाले की दूध आमच्याकडनं जास्त येतंय, पाऊस आम्ही सोसतोय, म्हशी आमच्या, आणि फलकावर हात गडहिंग्लजचा, ह्याचा अर्थ काय समजायचा? गडहिंग्लजचे संचालक म्हणाले की अर्थ काय समजायचाय, चांगला हात दिसला म्हणून घेतला. त्यावर पन्हाळ्याच्यांनी विचारलं, म्हणजे आमच्या बायकांचे हात काय वाईट हायत? कोणीतरी तोडगा काढला की प्रत्येक तालुक्याचा एकेक हात घ्या. तर दुसऱ्यानं विचारलं की सगळ्यांनी वाट्या धरल्या तर भात दिसणार कुठं. मग एक जण खाकरून म्हणाला की त्यापेक्षा चेअरमनसाहेबांच्या मातोश्री झुंबरबाईंचा हात घेऊया, वाद नको. यावर सगळे संचालक छताकडं बघायला लागले. हंबीररावांनी ते छताकडं बघणं बरोबर ओळखलं. निवडणुका काढलेला माणूस होता तो.

"हात काढा," ते म्हणाले. "म्हैस ठेवा. म्हशीला तालुका नसतोय."

सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. खरंच की, म्हैस सगळ्यांचीच. म्हैस हसतेय, म्हणजे संघाचं चांगलं चाललंय असं दिसतंय. गॉगलमुळं तरुण सभासद जोडले जातील. म्हैस मोठी करा, मधोमध घ्या. हात गेला म्हणजे वाटीही गेली, आणि वाटी नाही तर भात कशाला, म्हणून भातही गेला. एवढी मोकळी जागा भाडं भरून रिकामी कशाला ठेवायची, म्हणून तिथं संचालकांचे फोटो आले, सगळे एकाच मापाचे. ठराव एकमतानं झाला. असं एकमत संघात आधी कधी झालं नव्हतं म्हणे.

आणि विजयसिंह? त्यांनी छातीवर हात ठेवला, थोडं दचकल्यासारखं केलं, थोडं वाईट वाटल्यासारखं केलं आणि म्हणाले, साहेब, काय नजर आहे तुमची.

परत येताना गाडीत त्यांनी रक्षिताला समजावलं की कन्सेप्ट तोच राहिलाय, फक्त एक्झिक्युशन बदललं. रक्षिता खिडकीबाहेर बघत होती. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता, आणि संताप स्वतःचाच होता. म्हैस तिनंच निवडली होती. शहाणा माणूस ठेवणार नाही म्हणून निवडली होती. शहाणा माणूस तिथं असेल हे तिनं गृहीत कशाला धरलं?

फलक लागले आणि काय सांगायचं, जिल्ह्यात म्हशीचा नुसता धुरळा उडाला. पोरं फलकाखाली उभी राहून गॉगल लावून फोटो काढायला लागली. संघाचं तूप पुरेना. विजयसिंहांनी या यशाला कारण शोधलं, ते म्हणजे ग्रामीण आत्मविश्वास. रक्षिताला बढती मिळाली. तिच्या टेबलावर पितळी पट्टी आली, 'आर्ट डायरेक्टर'. आकाराम तर हवेतच होता.

त्याच आठवड्यात एका साडीच्या दुकानाचं काम आलं आणि तीट काय लावायची बघायला रक्षितानं तो फोल्डर उघडला. म्हैस आता तिथं नव्हती, तिला मानानं वेगळी जागा मिळाली होती. तिच्या जागी पोपटाच्या आणि परीच्या मधोमध अव्वाचा हात होता. वाटी तिरकी धरलेला, बांगड्यांसकट, डागासकट.

आकाराम काही वाईट मनाचा नव्हता. त्यानं अगदी प्रामाणिकपणे सांगितलं की सगळ्या संचालकांचं बोट एकाच वेळी पडलं अशी तीट त्यानं आजवर बघितली नव्हती. कुठल्याही डिझाइनमध्ये टाका, हमखास काढायला लावणार. रक्षिता त्याला म्हणाली, हा इथनं काढ. तो म्हणाला, काढतो की, पण ठेवू कुठं? आख्ख्या क्रिएटिव्ह कंपनीत त्या हाताला ठेवायला दुसरा फोल्डर नव्हता.

तेवढ्यात विजयसिंह मागं येऊन उभे राहिले आणि साडीसाठी तीट ठरली का म्हणून विचारलं. रक्षितानं मान वळवली नाही. ती म्हणाली, "तीट लावायला आधी लेकरू लागतंय, सर. ते कुठाय?"

आकारामच्या तोंडातली बडीशेप थांबली. विजयसिंहांचा चेहरा उजळला. व्वा, काय लाइन आहे, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती लाइन दारासमोरच्या भिंतीवर चिकटवलेली होती, आणि खाली विजयसिंहांचं नाव होतं.

रात्री नागाप्पांचा फोन आला. आवाज असा चढलेला की रक्षितानं रिसीव्हर कानापासून लांब धरला. स्टँडसमोरची म्हैस तू काढलीस व्हय, त्यांनी विचारलं. दुकानात येणारा प्रत्येक माणूस तिचंच बोलतोय, संकेश्वरहून माणसं बघायला येतात, ह्यो नाद खुळा कुणी केला म्हणून विचारतात. रक्षिताला नाही म्हणायचं होतं, अगदी ओठावर आलं होतं. पण त्या नाहीच्या पलीकडं निपाणी होती. ती म्हणाली, व्हय अप्पा, मीच.

युगादीला ती गावी गेली तेव्हा पिशवीत मूळ चित्राची गुंडाळी होती. कडुनिंब आणि गूळ तोंडात पडला नाही तोवर नागाप्पांनी घरच्यांना आणि पाहुण्यांना गोळा करून स्टँडकडं नेलं. पटका बांधला होता. फलकासमोर उभं राहून त्यांनी हात लांब करून म्हशीकडं बोट केलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं की हे माझ्या पोरीनं केलंय. निपाणीवाल्यांना त्यांनी परस्पर कळवून टाकलं होतं की पोरगी एवढ्यात लग्न करणार नाही, ती डायरेक्टर हाय.

रत्नव्वा मागं उभ्या होत्या. हिरव्या बांगड्या अजून हातात होत्या. त्यांनी फलक डावीकडनं उजवीकडं बघितला, मग उजवीकडनं डावीकडं, संचालकांच्या फोटोंच्या मधनंसुद्धा बघितलं. रक्षिताला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. रत्नव्वा तिच्याकडं न बघता हळूच म्हणाल्या, "मी उगंच बांगड्या भरल्या म्हणायच्या."

घरी आल्यावर रक्षितानं गुंडाळी सोडली आणि चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. तिनं अव्वाला सगळं सांगितलं, तालुक्यांचं भांडण, तीट, फोल्डर, काही लपवलं नाही. सांगताना तिला रडू फुटलं. मी तुझा हात नेला आणि त्यांच्या हातात देऊन आले, असं ती म्हणत होती. रत्नव्वा चित्रासमोर बसून ऐकत होत्या. त्यांनी स्वतःचा हात चित्रातल्या हाताशेजारी धरून बघितला आणि डाग बरोबर जागच्या जागी आलाय म्हणाल्या.

तेवढ्यात नागाप्पा पाहुण्यांना घेऊन जेवायला आत आले. भिंतीकडं बघितलं, जरा थांबले. बरं काढलंय, म्हणाले, पण ह्येच्यात म्हैस कुठाय? आणि उत्तराची वाट न बघता पाटावर बसले. रत्नव्वांनी ताट वाढलं, गरम भात वाढला, तुपाची वाटी उचलली आणि तिरकी केली. धार बरोबर भाताच्या मधोमध पडली. बांगड्या वाजल्या. नागाप्पांनी वर न बघता भात कालवला आणि पाहुण्यांना म्हशीबद्दल सांगत जेवायला लागले.

रत्नव्वा वाटी ठेवून लेकीजवळ आल्या आणि पदरानं तिचे डोळे पुसले.

"लग्न होऊन आल्यापास्नं ह्यो हात रोज ह्येंच्या ताटावरनं जातोय," त्या म्हणाल्या. "ह्येस्नी अजून दिसला न्हाई. त्या संचालकांस्नी कशाला नावं ठेवतीस? ऊठ, तुला वाढते."